कोरडा गाळा

माझ्या भावाची नात पुण्याला असते. गेल्या महिन्यात तिनं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आजी, हे तुमच्या गावाकडचं ना? किती सुंदर!' फोटोत हायवेचा पूल होता, पुलाखालून जाणारा ओढा होता, दोन्ही अंगांना पिवळं गवत आणि त्या गवतातून पुलाच्या दिशेनं येणारी बाभळींची रांग. ही रांग सरळ येता येता मध्येच एकदा वाकडी होते आणि मग पुन्हा सरळ होते. त्या वाकडेपणावरच लोक भाळतात म्हणे. आता तिथं निसर्ग उद्यान झालंय, फलक लागलाय, रविवारी बारामती-इंदापुराकडून गाड्या येऊन उभ्या राहतात आणि माणसं कठड्याला टेकून स्वतःचेच फोटो काढतात. मी नातीला उत्तर दिलं नाही. शाळेत शिकवत होते तोवर एखाद्या पोराच्या निबंधात 'सुंदर' हा शब्द दिसला की मी त्याच्याखाली लाल रेघ मारायचे आणि समासात लिहायचे, 'म्हणजे काय?' पोरं मला खडूस म्हणायची, मला ते माहीत होतं. त्या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे आणि ते याच पुलापाशी सुरू झालं.

पूल नव्हता तेव्हा तिथं नुसता माळ होता. आमची वस्ती माळाच्या कडेला. दोन खोल्यांचं मातीनं लिंपलेलं घर, पुढं कडुलिंब आणि लिंबापलीकडं वाघर. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. खुंट्या ठोकून ते गोल उभं करायचं आणि दिवस मावळला की मेंढरं त्यात घालायची. आमची साठेक मेंढरं होती. आजोबांच्या वेळी याच्या कितीतरी पट होती, असं आबा, म्हणजे माझे वडील, जेवताना रोज सांगायचे, जणू ती उरलेली आम्हीच खाल्ली. सकाळी जाग यायची ती कोकरांच्या ओरडण्यानं. आई त्यांना मेंढ्यांपासून वेगळी ठेवायची आणि सोडली की जो गलका व्हायचा त्यात कुणी कुणाला हाक मारली तर ऐकू जायची नाही. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, त्याचा तो उग्र वास अंगावरच्या घोंगड्यालासुद्धा लागलेला असे. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि एखाद्या दिवशी मेंढीचं दाट दूध. जेवण वाईट नव्हतं, पण ते गोड बोलून कधी कुणी वाढलं नाही. आमच्या घरात बोलणं म्हणजे एकमेकांना टोचणं. आई भांड्यांशी बोलायची आणि ते आबांनी ऐकायचं असायचं, आबा कुत्र्याला शिव्या द्यायचे आणि त्या आईसाठी असायच्या. धाकटा भाऊ कडेवर घेऊन मी या दोघांच्या मधनं वाट काढत मोठी झाले.

माळ वनखात्याचा होता. तिथं चराई बंद, पण मेंढरं पाण्याला न्यायला ओढ्याच्या काठानं एक वाट सोडलेली होती. माळाच्या पलीकडच्या अंगाला पाझर तलाव होता, आणि आमच्या मेंढरांना उन्हाळ्यात दुसरं पाणी नव्हतं. वाटेनं सरळ जायचं, तोंड खाली घालायचं नाही, असा नियम. आता मेंढराला हा नियम कोण समजावणार? एकदा अकरा मेंढरं वाट सोडून गवतात शिरली आणि तिथल्या गार्डानं ती हाकत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातली. त्यातली एक मेंढी गाभण होती. ती कोंडवाड्यातच व्याली आणि बाकीच्या जनावरांच्या पायाखाली कोकरू गेलं. आबा ते कोकरू सदऱ्याच्या पोटात घालून घरी घेऊन आले आणि लिंबाखाली पुरलं. त्या दिवसापासून आबांनी गार्डाचं नाव घेतलं नाही. 'त्यो खाकी' एवढंच म्हणायचे. आणि आईनं ठरवून टाकलं की या माणसाला आपल्या वस्तीवर पाणी मिळायचं नाही. हे किती मोठं होतं ते आज सांगून कळणार नाही. धनगराच्या वस्तीवरून, मग तो भांडून का आलेला असेना, माणूस पाणी न पिता जात नसे. पुढच्या वेळी गार्ड सायकलवरून आला, घाम पुसत लिंबाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, जरा तांब्या द्या." आईनं त्याच्यासमोर भरलेला तांब्या उचलला आणि कुत्र्याच्या मातीच्या परळात ओतला. गार्ड सायकल वळवून निघून गेला. मला तेव्हा आईचा फार अभिमान वाटला होता.

अशात एक दिवस माळावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा उमटल्या. मोठा रस्ता येणार होता. रस्ता जमिनीसरशी नव्हताच, दोन पुरुष उंचीच्या भरावावरून जाणार होता, म्हणजे माळाचे उभे दोन तुकडे. आमची वस्ती अलीकडं, तलाव पलीकडं. आबा त्या रेघांवर उकिडवे बसायचे आणि तंबाखू मळायचे. काम बघायला बारामतीचे एक ओव्हरसियर साहेब यायचे. पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर छत्री. हाताखालच्या माणसांशीही 'अहो-जाहो' करायचे, त्यामुळं त्यांना कुणी मोजत नसे. पहिल्या दिवशी ते आमच्या लिंबाखाली पाणी प्यायले, ओंजळीनं तोंड धुतलं आणि माळाकडं बघून म्हणाले, "काय सुंदर आहे हो तुमच्याकडे!"

आबांनी मान वळवून बघितलं. लांडगा-बिंडगा दिसला की काय म्हणून मीही बघितलं.

"काय सुंदर?" आबांनी विचारलं.

"हे सगळं. हे गवत, हा उजेड."

"गवत हाय खरं. पर चरू देत न्हाईत," आबा म्हणाले.

साहेब गेल्यावर आम्ही हसून हसून बेजार झालो. त्यानंतर आमच्या घरात 'सुंदर' ही शिवीच झाली. भाकरी करपली की आबा म्हणायचे, "काय सुंदर भाकरी हाय!" माझ्या केसात उवा झाल्या की आई म्हणायची, "या, सुंदरबाई, बसा म्होरं." आमच्या घरात सगळे मिळून हसलो असे प्रसंग थोडेच, त्यातला हा एक, आणि तोही एका भल्या माणसाच्या जिवावर.

पुढं एकदा साहेब नकाशाची गुंडाळी घेऊन आले. ओढ्यावर पूल होणार हे ठरलेलं होतं. पुलाला पाण्यासाठी दोन गाळे; दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला ते गाळा म्हणत. पण गार्डानं वर अर्जावर अर्ज करून आणखी एक गाळा मंजूर करून घेतला होता. कोरडा गाळा. त्यातून पाणी नाही, जनावरं जायची, म्हणजे माळावरची हरणं. साहेबांचं म्हणणं होतं, की हा गाळा ओढ्याला लागूनच पाहिजे असं काही नाही, हरणं जिथून रोज जातात तिथं भरावात वेगळा ठेवता येईल. फक्त ती जागा नक्की कळायला हवी. गार्ड इथं नवा, तो एक जागा सांगतोय, पण त्याची त्यालाच खात्री नाही.

"आबा, तुम्ही पिढ्यानपिढ्या इथले," साहेब म्हणाले. "हरणांची वाट कोणती, ते तुम्हीच सांगा. तुम्ही बोट दाखवाल तिथं गाळा ठेवतो."

हरणांची वाट आम्हाला माहीत होती. आमच्या वस्तीवरच्या लहान पोरालाही माहीत होती. वर दोन फर्लांगांवर एक पांढरं टेकाड आहे, त्याच्या पायथ्यानं हरणं सकाळ-संध्याकाळ एकामागं एक जात. मी किती वेळा तिथं बसून ती मोजली होती. आबांनी तंबाखू थुंकली, उठले, ओढ्याच्या काठानं चालत आमच्या मेंढरांच्या वाटेवर येऊन उभे राहिले आणि काठी टेकली.

"हितनं जात्यात."

"नक्की?"

"माझा बा बी हेच बघत आला."

साहेबांनी चष्मा पुसला. मग का कोण जाणे, माझ्याकडं वळले. "बाळ, तू बघितलीस का हरणं इथून जाताना?"

आबा माझ्याकडं बघत नव्हते. आई दारात उभी होती, ती बघत होती. माझ्या मनात कोंडवाड्यातलं ते कोकरू होतं, आणि तलावाचं पाणी होतं, आणि खाकीचा अर्ज आमच्या उपयोगी पडतोय याचा आनंदही होता. तो आनंद होता हे मी लपवणार नाही.

"व्हय," मी म्हणाले.

एका शब्दाचं खोटं. पुढं शाळेत मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या, तेव्हा प्रत्येक वेळी हा शब्द माझ्या कानात वाजायचा आणि माझा हात आणखीच जोरात पडायचा. त्या पोरांची मी माफी मागायला हवी.

पूल झाला. कोरडा गाळा ओढ्याच्या अगदी कडेला, आमच्या वाटेवर. आबांनी त्या दिवशी मला स्वतःच्या ताटातला गूळ दिला. पण मेंढरानं आबांचीही जिरवली. उघड्या माळावरून डोळे मिटून जाणारी मेंढरं त्या गाळ्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. आत अंधार, वरून ट्रक गेला की स्लॅब गुरगुरणार. पुढचा एडका मागं फिरला, तशी सगळी फिरली. आबांनी एडक्याला शिंगांनी धरून ओढलं, पाठीवर काठ्या हाणल्या, शेवटी स्वतःच आत जाऊन 'हुर्र हुर्र' करत बसले. आठ दिवस हेच. वर रस्त्याचे मजूर कठड्यावर बसून मजा बघायचे. अखेर आईनं तोंड उघडलं. "अवो, त्येस्नी घरचा वास द्या की." मग ती आणि मी वाघरीतल्या लेंड्यांच्या पाट्या भरभरून नेल्या आणि गाळ्यात अंथरल्या. दुसऱ्या दिवशी एडक्यानं वास घेतला, शिंकला आणि सरळ आत गेला. त्याच्यामागं साठ मेंढरं. पलीकडं तलावाच्या उतारावर ती उधळत गेली तेव्हा आबांनी वरच्या मजुरांकडं बघून जी काय शिवी हासडली, ती इथं लिहिता येत नाही.

रस्ता सुरू झाला. ट्रक, एस.टी., भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. आणि थोड्याच दिवसांत, सकाळी शाळेला जाताना मला पांढऱ्या टेकाडासमोर भरावावर काहीतरी पडलेलं दिसलं. हरिणी होती. पोट फुटलेलं, डोळे उघडे. खाली गवतात तिचं पाडस उभं होतं, एक पाय उचलून. मी जवळ गेले तरी ते पळेना. मी शाळेला गेले नाही. घरीही गेले नाही. उन्हं वर येईपर्यंत तिथंच बसून राहिले.

गार्ड आला तो सायकल ढकलत. त्यानं ती डांबरावरून उचलली, कॅरिअरला बांधली आणि पाडसाकडं बघून शुक् शुक् केलं, तेव्हा कुठं ते पळालं. मग तो आमच्या वस्तीवर आला. पाणी मागितलं नाही. लिंबाखाली सायकल लावली. आबा भाकरी खात होते.

"मला एक सांगा," गार्ड म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, तेच ऐकायला फार वाईट होतं. "माझं तुमचं जमत न्हाय, ते जाऊ द्या. पर तुमी जनावरातली मान्सं. त्येंच्यासाठी गाळा केला, त्येंच्या वाटंवर केला, तरी ती वर का चढत्यात? माझंच कायतरी चुकलं का?"

आबा घास चावत होते. तो घास संपेना. आई आत गेली आणि उगीच डबे वाजवायला लागली. गार्डानं थोडा वेळ वाट बघितली आणि हरिणीला घेऊन निघून गेला. आबांनी उरलेली भाकरी कुत्र्याला टाकली. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाला टोचलं नाही, इतकं सगळं बिनसलं होतं.

आठवड्यात आणखी एक गेलं, या वेळी नर. मग आबा पहाटे उठून जायला लागले. कुऱ्हाड घेऊन जायचे आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावच्या हद्दीतल्या बाभळी छाटायचे. काटेरी फांद्या दोरीनं ओढत न्यायच्या आणि भरावाच्या पायथ्याला एकीला एक अडकवून रचायच्या. पुलाच्या कोरड्या गाळ्यापासून सुरुवात करून टेकाडाच्या दिशेनं. कुणाला काही सांगितलं नाही, पण मला बघताक्षणी कळलं. वाघरीत मेंढरं घालताना आम्ही दोन बाजूंनी जाळं लावून तोंड निमुळतं करायचो, तसंच हे. हरणं टेकाडापाशी खाली आली की त्यांना काट्यामुळं भरावावर चढता येणार नाही आणि काट्याच्या कडेकडेनं ती आपोआप गाळ्याशी येतील. आबांच्या हातांची चाळण झाली होती. आई सुईनं काटे काढायची, तेही न बोलता.

चवथ्या दिवशी गार्ड आला, त्याच्याबरोबर दोन मजूर. वनखात्याच्या जागेत धनगरानं कुंपण घातलं, याचा अर्थ त्यानं लावायचा तोच लावला. "जागा दाबतूस व्हय?" एवढंच तो म्हणाला आणि काडी ओढली. वाळल्या काट्यानं पेट घेतला. आबा कुऱ्हाड घेऊन धावले. मजूर मागं सरले, गार्ड नाही सरला.

"हाण," तो म्हणाला. "हाण की. तुला बघूनच घितो."

"ईझव ते!" आबा ओरडले. "ईझव, न्हायतर तुझी खांडोळी करीन!"

एवढंच. ते कुंपण कशासाठी आहे हे सांगायला आबांना एक वाक्य पुरलं असतं, पण त्या वाक्याच्या पोटात दुसरं एक वाक्य होतं आणि ते त्यांना मेले तरी म्हणायचं नव्हतं. आई किंचाळत होती. कुऱ्हाड वर गेलेली होती. आबा तुरुंगात जाणार किंवा गार्ड मरणार, मला तिसरं काही दिसेना. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"त्ये हरणांसाठी हाय!" मी ओरडले. "हरणं हितनं जात न्हाईत. टेकाडाखालनं जात्यात. आबांनी सायबाला खोटं सांगितलं. मी बी खोटं बोलले!"

आग तडतडत होती. वरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपवर कसलं तरी गाणं लागलं होतं. आबांनी कुऱ्हाड खाली घेतली. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणा दुसऱ्याच्या घरची पोर होते.

गार्ड आबांकडं वळला. मग म्हणाला, "म्हंजी ती तूच मारलीस." थुंकला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा पुन्हा काटा ओढायला गेले, जळालेल्या जागेपासून. आणि तिकडं टेकाडाच्या टोकाला कुणीतरी दुसरा माणूस काटा ओढत होता. गार्ड. खाकी शर्ट काढून ठेवलेला, अंगात नुसतं बनियन. दोघं दोन टोकांकडून काम करत एकमेकांकडं येत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मी मधल्या दगडावर पाण्याची कळशी घेऊन बसायचे, आईनंच बसवली होती. दोघं आपापल्या वेळेला येऊन पिऊन जायचे. नवव्या-दहाव्या दिवशी कुंपणाची दोन्ही टोकं जवळ आली तेव्हा दिसलं, की ती एका रेषेत नाहीत. गार्डाची ओळ चार हात वर, आबांची चार हात खाली. कुणीतरी एकानं थोडं सरकायला हवं होतं. आबांनी कंबरेवर हात ठेवून बघितलं, गार्डानं कंबरेवर हात ठेवून बघितलं. कुणी सरकलं नाही. अखेर दोन्ही टोकांच्या मध्ये आडवा काटा टाकून ते वाकडंतिकडं जोडलं आणि दोघं आपापल्या दिशेनं निघून गेले. जिवंत होते तोवर ते एकमेकांशी बोलले नाहीत. गार्डाची बदली झाली तेव्हा तो निरोप घ्यायलाही आला नाही, आणि आला असता तरी आबा उठले नसते.

माझ्याशीही आबा बोलले नाहीत. रोजचं टोचणंही बंद झालं. मी वाढलेलं ताट ते खायचे, पण मला ऐकू जाईल असं आईला सांगायचे, "हिला बारामतीला ठिवा. तितं शिकंल. हितं नगो." शिक्षणाचं मनावर घेणारा बाप म्हणून नंतर गावात आबांचं नाव झालं, माझ्या सत्कारांत लोकांनी भाषणंही केली. मी ऐकून घेतली. ओव्हरसियर साहेबांनी वसतिगृहात सोय करून दिली. त्यांना खरं कळलं होतं. ते मला एवढंच म्हणाले, "मी टेकाडापर्यंत स्वतः चालत जायला हवं होतं." मला त्यांचा राग आला. आमचा दोष असा अलगद स्वतःकडं घेणारी माणसं मला आजही सहन होत नाहीत.

निघायच्या दिवशी पहाटे आबांनी माझ्या घोंगड्याला काठी लावली. "ऊठ," म्हणाले. चार महिन्यांत मला म्हटलेला तो पहिला शब्द. मी मागोमाग गेले. गार हवा होती, गवत ओलं होतं. कोरड्या गाळ्यापासून थोडं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला त्यांनी मला बसवलं आणि शेजारी स्वतः उकिडवे बसले. तंबाखूही मळली नाही. पुलाच्या पलीकडं दिवस उगवत होता आणि त्याचा उजेड गाळ्यातून आरपार आमच्याकडं आला होता. मग काट्याच्या कडेनं काहीतरी हललं. हरणं. एक, मागं एक, मागं एक. त्या वाकड्या जोडापाशी पुढची थबकली, मान वर केली, आणि वळण घेऊन पुन्हा चालू लागली. गाळ्याच्या तोंडाशी आमच्या मेंढरांच्या लेंड्यांचा वास घेतला. वरून ट्रक गेला, स्लॅब गुरगुरला. ती दचकली, पण फिरली नाही. एकेक करून उजेडात शिरली. सहावं पाडस होतं. त्याच्या कानांच्या कडांतून उजेड लाल दिसत होता. मी ते मोजलं, आणि मला रडायला आलं. त्या वेळी मला जे वाटलं त्याला शब्द एकच होता, आणि तो आम्ही घरात शिवी करून टाकला होता.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"बघितलंस?" म्हणाले. "जा आता."

मग उठून मेंढरं सोडायला गेले. एस.टी.वर सोडायला आई आली.

गेल्या रविवारी मी भावाच्या गाडीतून तिथं गेले. नातीच्या फोटोनं मला स्वस्थ बसू दिलं नव्हतं. काट्याचं कुंपण केव्हाच कुजून गेलं. पण त्या फांद्यांना शेंगा होत्या, येता-जाता आमच्या मेंढरांनी त्या खाल्ल्या, बी लेंड्यांतून तिथंच पडलं आणि कुंपणाच्या ओळीत बाभळी उगवल्या. आता त्या चांगल्या घेराच्या झाल्यात, आणि बरोबर त्या जागी वाकड्या आहेत. फलकावर लिहिलंय, 'निसर्गाची किमया'. कठड्याशी एक तरुण माणूस बायकोला सांगत होता, की बघ, निसर्ग स्वतःच कशी रचना करतो, माणसाला असा बाक काढता आला असता का?

"निसर्गानं नाही," मी म्हणाले. "माझ्या बापानं. आणि आणखी एका माणसानं."

तो वळून अदबीनं म्हणाला, "अरे वा! झाडांची आवड होती का त्यांना?"

इतकी वर्षं शाळेत नीट बोलण्याची सवय केलेल्या माझ्या तोंडून एकदम घरची भाषा आली. "आवड कसली? झाडं न्हाई लावली त्यांनी. काटा वढला. एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं म्हनून ती वाकडी हाय."

त्याला काही समजलं नाही. तो हसला, मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी सरकले नाही.